टिर्पिट्झ बुडाली नाही, तरी १९४३ची छोट्या पाणबुड्यांची मोहीम यशस्वी का मानतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबर १९४३मध्ये ब्रिटिशांनी सहा छोट्या पाणबुड्या नॉर्वेत पाठवल्या, त्यातली एकही घरी परतली नाही, नऊ माणसं गेली, सहा पकडली गेली, आणि एवढं होऊनही जर्मनांची युद्धनौका 'टिर्पिट्झ' तरंगतच राहिली. मग कौतुक कसलं?

मी निवृत्त मरीन इंजिनिअर. नौदलाशी संबंध नाही, सगळी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली. त्यामुळे मी हा प्रश्न तोफांच्या नाही, टर्बाइन आणि शाफ्टच्या बाजूने बघतो. टिर्पिट्झ तरंगत होती हे खरं, पण तिला चालता येत नव्हतं. आणि ती उभी होती तिथून ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून जहाजाचा तळ दुरुस्त करायची गोदी, शेकडो मैल लांब होता.

आधी तिची धास्ती का होती ते सांगायला हवं. 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेची ही धाकटी बहीण. २५१ मीटर लांब, पंधरा इंची आठ तोफा. १९४२पासून ती नॉर्वेच्या फियॉर्डांत, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांत, दबा धरून होती आणि रशियाला रसद नेणारे जहाजांचे ताफे तिच्या समोरून जायचे. जुलै १९४२मध्ये 'पीक्यू १७' नावाच्या ताफ्यावर टिर्पिट्झ चालून येतेय या नुसत्या संशयाने लंडनहून हुकूम सुटला, की पांगा. पांगलेली जहाजं जर्मन विमानांनी आणि यू-बोटींनी (जर्मन पाणबुड्यांनी) एकेक करून टिपली. २४ मालवाहू जहाजं गेली आणि तिच्या तोफांतून एक गोळाही सुटला नव्हता. ती तिथे नुसती उभी आहे म्हणून ब्रिटनला आपल्या मोठ्या युद्धनौका उत्तरेत राखून ठेवाव्या लागत होत्या.

तिच्यापर्यंत पोहोचायचं कसं हाच पेच होता. ऑक्टोबर १९४२मध्ये माणसांनी वर बसून हाकायचे दोन टॉर्पेडो एका नॉर्वेजियन मासेमारी बोटीखाली बांधून नेले. बोटीचा कप्तान लीफ लार्सन जर्मन तपासणीतूनही सहीसलामत सुटला, पण ट्रॉन्डहाइमच्या फियॉर्डमध्ये वादळात टॉर्पेडोच सुटून गेले. बोट बुडवून मंडळी स्वीडनकडे चालत निघाली. पुढे टिर्पिट्झ आणखी उत्तरेला, आल्टाफियॉर्डच्या आतल्या कोफियॉर्ड नावाच्या चिंचोळ्या फाट्यात जाऊन बसली. दोन्ही अंगाला डोंगर आणि जहाजाभोवती टॉर्पेडो अडवणाऱ्या जाळ्या. ब्रिटनहून बाँबर तिथवर जाऊन परत येऊ शकत नव्हते.

म्हणून 'एक्स-क्राफ्ट'. ५१ फूट लांब, तीस टनांची पाणबुडी, आत चार माणसं. इंजिन गार्डनरचं ४२ अश्वशक्तीचं डिझेल, लंडनच्या बसमध्ये असायचं त्या जातीचं. हे वाचून मला बरं वाटलं होतं, कारण गार्डनर म्हणजे कुरकुर न करता चालणारं इंजिन. बाकी मात्र हालच. ताठ उभं राहायची सोय जवळजवळ नाही. थंड पाण्यामुळे आतून सगळीकडे घाम सुटायचा आणि तो विजेच्या वायरिंगमध्ये शिरायचा. स्वयंपाकाला सुताराच्या सरस तापवायच्या भांड्यासारखं एक विजेचं भांडं. डायव्हर ज्या कोठडीतून बाहेर पाण्यात उतरायचा, तिथेच संडास.

हिच्याकडे टॉर्पेडो नव्हते. दोन्ही कुशींना दोन दोन टनांची स्फोटकं बसवलेली. शत्रूच्या जहाजाखाली जायचं, आतून चाक फिरवून ती तळावर सोडायची आणि घड्याळावर लावलेली वेळ भरायच्या आत पळायचं.

११ सप्टेंबरपासून स्कॉटलंडहून सहा मोठ्या पाणबुड्या या सहा पिल्लांना दोरखंडाने ओढत निघाल्या. हजार मैलांच्या वर प्रवास. ओढून नेताना आत वेगळी माणसं, हल्ल्याची माणसं मोठ्या पाणबुडीत, म्हणजे ती ताजीतवानी राहावीत. पिल्लू पाण्याखालून ओढलं जायचं आणि दर सहा तासांनी हवा घ्यायला पंधरा मिनिटं वर. जहाजावर टोइंग पाहिलेल्या माणसाला इथे काय होणार ते आधीच कळतं. मनिला रोप तुटले. एक्स-९ तीन माणसांसह कायमची गेली. एक्स-८ची स्फोटकं पाणी शिरून बिघडली. ती सोडून द्यावी लागली, सोडल्यावर त्यातल्या एकाचा स्फोट होऊन पाणबुडीच खिळखिळी झाली आणि शेवटी बुडवून टाकावी लागली. एक्स-७च्या दोरात तर तरंगता पाणसुरुंगच येऊन अडकला. तिचा कप्तान गॉडफ्री प्लेस डेकवर आला आणि त्याने तो पायाने लोटून मोकळा केला! एक्स-१० फियॉर्डमध्ये पोहोचली, पण तिथे तिची यंत्रं एकामागून एक बंद पडली. शिवाय तिचं सावज, म्हणजे 'शार्नहोर्स्ट' ही दुसरी जर्मन युद्धनौका, जागेवर नव्हतंच. ती मागे फिरली आणि परतीच्या वाटेवर तिलाही बुडवावं लागलं.

राहिल्या एक्स-५, ६ आणि ७.

एक्स-६चा कप्तान डोनाल्ड कॅमेरॉन. त्याच्या एका बाजूच्या स्फोटकात पाणी भरल्याने पाणबुडी कललेली, आणि पेरिस्कोपही गळत होता. २२ सप्टेंबरच्या पहाटे एका छोट्या बोटीसाठी जाळीचं दार उघडलं, तेव्हा तो तिच्या मागोमाग आत घुसला. आत खडकाला घासून पाणबुडी वर आली. टिर्पिट्झवरच्या पहारेकऱ्याने पाहिलं, पण त्यांना वाटलं मासा असेल. थोड्या वेळाने ती पुन्हा वर आली. होकायंत्र गेलेलं, पेरिस्कोप जळालेला, कॅमेरॉन वरच्या काचेतून सावल्या बघत अंदाजाने चालवत होता. शेवटी ती टिर्पिट्झच्या कुशीलाच लागून वर आली. इतकी जवळ, की जहाजाच्या तोफा तेवढ्या खाली झुकेनात. वरून हातबाँब आणि बंदुका सुरू झाल्या. कॅमेरॉनने दोन्ही स्फोटकं पुढच्या 'बी' तोफघराखाली सोडली, पाणबुडी बुडवायला लावली आणि चौघं हात वर करून बाहेर आले. जर्मनांनी त्यांना टिर्पिट्झवरच नेलं. म्हणजे आपणच लावलेल्या चार टनांच्या डोक्यावर उभे, आणि डोळे घड्याळाकडे.

टिर्पिट्झचा कप्तान हान्स मायर हुशार होता. बाहेर आणखी पाणबुड्या असतील म्हणून तो जाळीबाहेर निघाला नाही. साखळ्या आणि दोर खेचून त्याने जहाजाचं नाक बाजूला ओढायला लावलं. पुढचा भाग थोडा वाचला तो त्यामुळे. पण तोवर प्लेस जाळ्यांत अडकत, सुटत जहाजाखाली येऊन गेला होता. त्याने एक स्फोटक पुढे आणि दुसरं मागच्या तोफघराच्या बाजूला सोडलं होतं. परतताना तो पुन्हा जाळीत अडकला, आणि सव्वाआठच्या सुमारास स्फोट झाला.

आता माझ्या विषयावर येतो. बाँब वरून पडला तर भोक पडतं, आग लागते. ते दिसतं आणि दुरुस्तही होतं. तळाखालचा स्फोट सगळं जहाज एकदम वर फेकतो. पन्नास हजार टनांचं धूड काही फूट उचललं गेलं आणि पुन्हा आपटलं. चौदाशे टनांच्या आसपास पाणी आत आलं, पण खरं नुकसान ते नाही. टर्बाइनची पाती आणि केसिंग यांच्यात अंतर असतं मिलिमीटरच्या हिशोबात. पाया हलला की ते अंतर गेलं, पंखे फिरवणाऱ्या शाफ्टची सरळ ओळ गेली. तिन्ही शाफ्टच्या यंत्रसामग्रीला धक्का बसला, जनरेटर बंद पडले, अंतर मोजायची दुर्बिणीची यंत्रं बिघडली. मागचं 'डी' तोफघर हजार टनांच्या घरातलं; ते आपल्या रोलरच्या कड्यावरून उसळलं आणि अडकून बसलं. ते उचलायला क्रेन आणणार कुठून? माणसं मात्र फार गेली नाहीत: एक ठार, चाळीसेक जखमी. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काही झालंच नाही.

जर्मनीला न्यायचं तर वाटेत ब्रिटिश टपलेले. म्हणून जर्मनांनी 'नॉयमार्क' हे वर्कशॉप जहाज आणि कामगार तिथेच पाठवले, आणि ध्रुवीय रात्रीत, ड्राय डॉकशिवाय, मार्च १९४४पर्यंत तिला चालती केली. हे काम मला हल्ल्याइतकंच थोर वाटतं; युद्धाच्या गोष्टी सांगणारे फिटर-वेल्डरवाल्यांना नेहमीच विसरतात. पण सहा महिने गेले ते गेलेच. त्या सहा महिन्यांत रशियाकडचे ताफे पुन्हा सुरू झाले, आणि डिसेंबरमध्ये शार्नहोर्स्ट त्यांच्यावर निघाली तेव्हा टिर्पिट्झ तिच्या सोबतीला जाऊ शकली नाही. २६ डिसेंबरला नॉर्वेच्या उत्तर भूशिराजवळ (नॉर्थ केप) शार्नहोर्स्ट बुडाली. टिर्पिट्झ बरी होते न होते तोच ३ एप्रिल १९४४ला विमानवाहू नौकांवरून हल्ला झाला. शेवटी १२ नोव्हेंबर १९४४ला ट्रॉम्सोजवळ लँकेस्टर विमानांच्या पाच-पाच टनी 'टॉलबॉय' बाँबनी ती उलटली.

उलट उदाहरणही बघा. डिसेंबर १९४१मध्ये सहा इटालियन नौसैनिकांनी अलेक्झांड्रिया बंदरात 'क्वीन एलिझाबेथ' आणि 'व्हॅलिअंट' या दोन युद्धनौका खरोखर तळाला टेकवल्या. पण पाणी उथळ होतं. दोन्ही वर काढल्या, दुरुस्त केल्या आणि त्या पुन्हा युद्धात उतरल्या. म्हणजे 'बुडाली की नाही' या एका प्रश्नावर हिशोब होत नाही; किती दिवस कामातून गेली, ते बघावं लागतं.

माणसांचं राहिलं. एक्स-७ स्फोटाच्या धक्क्याने जाळीतून सुटली, पण सावरेना. प्लेस एका नेमबाजीच्या तराफ्याशेजारी वर आला आणि पांढरा स्वेटर हलवत बाहेर पडला. तेवढ्यात पाणबुडी खाली गेली. आतल्या तिघांपैकी रॉबर्ट एटकेन श्वसनयंत्र लावून दोन तासांहून जास्त वेळाने वर आला. विटम आणि व्हिटली आले नाहीत. कॅमेरॉन आणि प्लेसला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एक्स-५चं काय झालं यावर मात्र अजून वाद आहे. जर्मनांनी जाळीबाहेर तिसरी पाणबुडी पाहून तिच्यावर गोळे झाडले होते. तिचा कप्तान हेन्टी-क्रीअर आणि त्याचे तिघं साथी कधीच सापडले नाहीत. त्याची बोळवण युद्ध-अहवालातल्या एका उल्लेखावर झाली, आणि घरच्यांनी त्याला पदक मिळावं म्हणून पुढे अनेक वर्षं भांडण चालू ठेवलं. त्याने स्फोटकं लावली होती का, हे कागदावर सिद्ध होत नाही. पण पाणसुरुंगांचा पट्टा ओलांडून तोही तिथवर पोहोचला होता, आणि तेवढ्यासाठी एक पदक द्यायला माझी तरी हरकत नसती.