डाव्या बाजूचं व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा) आणि लघवीतून रक्त, यांचा काही संबंध असतो का? ऑपरेशन करावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की वय २३, सोनोग्राफीत डावीकडे व्हेरिकोसील निघालं, अधूनमधून लघवी लाल होते आणि घरचे म्हणतात खडा असेल, पाणी पी. ती ‘पाणी पी’ची ओळ वाचली आणि लिहायला बसलो. संबंध असू शकतो. पण आपल्या नागपुरात तो सगळ्यात शेवटी सुचतो. ४५ डिग्रीत राहणाऱ्या माणसाच्या लघवीचं काहीही बिनसलं की निदान पानठेल्यावरच होतं: मुतखडा.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करत होता. उंच, अंगावर मांस नाही, त्यात १६०० मीटरचा टाइम सुधारायचा म्हणून जेवण अर्ध्यावर आणलेलं. रेशीमबागेच्या मैदानावर धावून आला की लघवी लाल. भाऊजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, खर्रा घोटता घोटताच निकाल दिला. मग पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी, कोणाच्या तरी ओळखीची पुडी. एका सोनोग्राफीत ‘डाव्या किडनीत ३ एमएमचा खडा असू शकतो’ असं लिहून आलं. तो रिपोर्ट भाऊजींनी लॅमिनेट करायचाच काय तो बाकी ठेवला. पोराची डावी कूस दुखली की म्हणायचे, "खडा सरकून राहिला."

एकदा पोरगं मला गच्चीवर घेऊन गेलं आणि दप्तरातून पाण्याची बाटली काढली. आत लालसर तपकिरी लघवी, तळाला रक्ताच्या बारीक गुठळ्या. "मामा, बाबाले नको सांगजो. अन् खाली डावीकडे बी फुगल्यासारखं वाटते." हे दुसरं त्याने लाजेपायी कोणालाच सांगितलं नव्हतं.

धंतोलीत युरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी फाइल बाजूला सारली, पोराला उभं केलं, पँट उतरवून श्वास रोखून जोर द्यायला लावला. डावीकडच्या शिरा डोळ्यांना दिसतील इतक्या टरारल्या. आडवं केल्यावर ओसरल्या. मग डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन.

उजव्या अंडकोषाची शीर थेट महाशिरेला मिळते. डावीकडची मात्र डाव्या किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून व्हेरिकोसील बहुतेक वेळा डावीकडेच होतं. ही किडनीची शीर पुढे महाधमनी आणि तिच्यातून आतड्याकडे निघालेली धमनी यांच्यामधल्या फटीतून जाते. भाच्याची शीर तिथे अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी चेपली होती. नटक्रॅकर सिंड्रोम म्हणतात याला. रक्ताला पुढे वाट मिळेना की दाब मागे येतो. खाली अंडकोषाच्या शिरा फुगतात, वर किडनीतल्या पातळ शिरा फुटून रक्त लघवीत उतरतं. त्या फटीतली चरबी धमन्यांना जरा लांब ठेवते. पोराने उपाशी धावून तीच घालवली होती.

इलाज काय, तर वजन वाढव आणि तपासणीला येत राहा. शीर सोडवून दुसरीकडे जोडणं, स्टेंट, असे उपाय आहेत, पण कोवळ्या वयात, किडनी आणि हिमोग्लोबिन ठीक असेल तर आधी थांबतात. पोराचं अंग भरलं, लाल लघवी थांबली. आता भाऊजी लग्नाकार्यात सांगत फिरतात, "पानफुटीनं खडा पडला. मामानं सीटीचे पैसे फुकट घातले." अहो, पडलेला खडा पाहिला कोणी? सीटीत खडा नव्हताच!

ऑपरेशनचं म्हणाल तर व्हेरिकोसील १०० पैकी साधारण १५ पुरुषांना असतं आणि बहुतेकांना काही करावं लागत नाही. दुखत असेल, अंडकोष लहान होत असेल, किंवा मूल होत नाही आणि वीर्यतपासणीत दोष आहे, तर विचार करतात. तुमच्यासारखं रक्तही जात असेल तर किडनीची शीर पाहिल्याशिवाय कोणाला खालच्या शिरा बांधू देऊ नका. अडलेल्या रक्ताला तीच वाट उरलेली असू शकते. बायकांमध्येही डाव्या बीजांडकोशाची शीर तिथेच येऊन मिळते. त्यांच्या ओटीपोटातल्या जडपणाला तर घरी कोणी खडासुद्धा म्हणत नाही, गॅस म्हणतात.

मी डॉक्टर नाही, मेडिकलचं दुकानही नाही. लाल लघवी खड्याने किंवा इन्फेक्शननेही होते, हे खरंच. फुगवटा फक्त उजवीकडे असेल, अचानक आला असेल किंवा झोपल्यावरही उतरत नसेल, तर पोटाचा स्कॅन लवकर करा, किडनीत गाठ असू शकते. चाळिशीपुढचा, त्यातही बिडी-सिगारेटवाला कोणी हे वाचत असेल आणि न दुखता रक्त जात असेल, तर त्याने मूत्राशयाच्या कॅन्सरची तपासणी आधी करावी. गुठळीने लघवी तुंबली तर रात्रीच कॅज्युअल्टी गाठा.

आणि लघवीचं एका डॉक्टरला, अंडकोषाचं दुसऱ्याला, असं करू नका. दोन्ही एकाच युरोलॉजिस्टला एका दमात सांगा. वडील सोबत आले तर त्यांना बाहेर बसवा.