१० बाय १३ चा हॉल आणि मुक्कामी पाहुणे: सोफा-कम-बेड घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वन बीएचके, हॉल १० बाय १३ फूट. सासू-सासरे वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात. गणपतीत दीर-जाऊ दोन मुलांना घेऊन तीन रात्री राहतात. सोफा-कम-बेड घ्यावा का?

मी म्हणेन, नको. त्याऐवजी एक ३६ इंच रुंदीची बॉक्स सेटी (खाली सामानाचा खोका असलेली बैठक) आणि ३० इंच रुंदीच्या दोन तीन-घडीच्या गाद्या घ्या.

सोफा-कम-बेडमध्ये दिवसभर ज्या फोमवर सगळे बसतात, तोच रात्री पाठीखाली येतो. बसायच्या जागी खळगे पडलेले असतात आणि जोडाची फट नेमकी कमरेखाली येते. पुढे ओढून उघडायचा प्रकार भिंतीपासून सहा फूट जागा घेतो, म्हणजे सेंटर टेबल रोज रात्री उचलायचं. उघडल्यावर उंची बऱ्याचदा फूटभरच राहते. गुडघेदुखीवाल्या माणसाला त्यावरून उठायला दोन हात लागतात. एवढं करून पांघरुणं कुठे ठेवायची, हे उरतंच.

आता मापं. हॉलची रुंदी १२० इंच. सोफा ३३, टीव्ही युनिट १५ धरलं तर मध्ये ७२ उरतात. ३६ इंची दोन गाद्या शेजारी-शेजारी कागदावर बरोबर बसतात, प्रत्यक्षात नाही. सोफा भिंतीला कधीच चिकटलेला नसतो, दोन इंच तिथेच जातात आणि रात्री पाय ठेवायला जागा राहत नाही. ३० इंची दोन घातल्या की ६० इंच होतात आणि दहाएक इंचांची वाट सुटते. विकत घेण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखा आणि दिवे बंद करून एकदा बाथरूमपर्यंत जाऊन बघा.

सेटी मात्र ३६ इंचीच हवी, आणि कारण झोपण्याचं नाही. गादीची घडी २४ बाय ३० इंच, उंची १२ इंच होते. ३० इंची सेटीत प्लायची जाडी वजा जाता आत जेमतेम साडेअठ्ठावीस इंच मिळतात, घडीची ३० इंची बाजू त्यात आडवी मावत नाही आणि घडी फिरवून ठेवली तर शेजारी उशांना जागा उरत नाही. ३६ इंचीत दोन्ही मावतं. सुताराला झाकण दोन भागांत करायला सांगा: प्रत्येक भागाखाली एक गादी, शेजारी उशा. एकसंध झाकण असलं तर चादर काढायला सगळी गादी बाजूला करावी लागते, मग तो खोका कोणी उघडत नाही. भिंतीकडच्या बाजूला इंचभराची चार भोकं पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात आतल्या गोधड्यांना कुबट वास येतो. ३६ इंच बसायला खोल पडतं, म्हणून पाठीशी लोड ठेवा. लोडाच्या अभ्र्यात जादाच्या गोधड्या गुंडाळून भरल्या की तेवढीच जागा वाचते.

उंची: खोका १४ इंच, वर चार इंचांची गादी. बसल्यावर इंचभर दबून १७ उरतात. सासूबाईंना एकदा तेवढ्याच उंचीच्या खुर्चीत बसवून खात्री करा. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत.

घडीची गादी घेताना दुकानदार ‘४० डेन्सिटी’ म्हणेल, म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन ४० किलो. विश्वास ठेवू नका, वजन करा. ७२ बाय ३० बाय ४ इंचांचा फोम ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण पावणेसहा किलो भरतो, ३२चा साडेचार. खोळीचं अर्धा किलो वर धरा. चार किलोची गादी ४०ची असूच शकत नाही; तिच्यावर मोठ्या माणसाचं कंबरडं फरशीला टेकतं. रिबॉन्डेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) टणक आणि टिकाऊ असतो, पण याच मापाला बारा किलोच्या पुढे जातो, रोज उचलायला जड. कापसाची गादी उन्हाळ्यात फोमपेक्षा कितीतरी थंड, पण तिची वळकटी ठेवायला माळाच लागतो, वर ऊन दाखवणं आणि पिंजून घेणं आलंच. हवेची गादी पहाटेपर्यंत मऊ पडते: छिद्र नसलं तरी प्लास्टिक ताणतं, हवाही गार होते. पट्टीची फोल्डिंग खाट एका रात्रीला ठीक. पुढे तिची झोळी होते.

सासू-सासऱ्यांना तुम्ही बेडरूम द्यालच, बहुतेक घरांत तसंच होतं. तेव्हा हॉलमधली ही सोय पाहुण्यांची कमी आणि तुमचीच जास्त आहे. मात्र आधी विचारा. पाचला उठून चहा ठेवणाऱ्यांना स्वयंपाकघराजवळचा हॉल बरा वाटतो. तसं असेल तर एकजण सेटीवर, दुसरा गादीवर, आणि सेटीवर कोण हे गुडघे ठरवतील. गणपतीत दीर-जाऊ हॉलमध्ये दोन गाद्यांवर, एक मूल सेटीवर, दुसरं तुमच्या पलंगाशेजारी सतरंजीवर जाड गोधडी घालून.

गादी थेट फरशीवर टाकू नका. अंगाची उष्णता आणि घाम खाली उतरतो, फरशी गार असते, दमट हवेत तळाला ओल धरते आणि काळे ठिपके येतात. खाली सतरंजी किंवा चटई हवी. सकाळी लगेच घडी न घालता अर्धा तास पंख्याखाली उभी करून ठेवा. आणि गणपतीच्या आठवडाभर आधी दोन्ही गाद्या सेटीतून काढून एकदा उन्हात टाका. तेव्हाचं ऊन दोन तास मिळालं तरी वास जातो.