बाळ तीन महिन्यांचे आहे. कॅफेत मिळते तशी कॉफी घरी करण्यासाठी यंत्र घ्यावे का?

तुमचे बाळ तीन महिन्यांचे आहे, तुम्ही त्याला अंगावर पाजता, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते आणि कॅफेतून कॉफी मागवण्यावर होणारा खर्च वाचवण्यासाठी एस्प्रेसोचे (दाबाने दाट कॉफी काढणारे) यंत्र घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझी मुलगी आता दीड वर्षाची आहे. तिच्या पहिल्या सहा महिन्यांत मी जे करून पाहिले त्यावरून सांगते, की या वर्षी यंत्र घेऊ नका.

एस्प्रेसोला साधारण ९ बार (हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) दाब लागतो आणि त्या दाबाला साजेशी बारीक, ताजी दळलेली पूड लागते. म्हणजे यंत्राबरोबर ग्राइंडर आला, प्रत्येक कपानंतर चोथा काढणे आले, दूध फेसाळणारी नळी लगेच पुसणे आले. यातले एकही काम अवघड नाही, पण ते अर्धवट टाकून उठता येत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या घरात तर प्रत्येक काम अर्धवट टाकूनच उठावे लागते. मी एकदा पहाटे मोका पॉट (कॉफी करायचे धातूचे भांडे) गॅसवर ठेवून रडणाऱ्या मुलीला घ्यायला आत गेले, तिला पाजता पाजता बसल्या जागी माझा डोळा लागला आणि जाग आली ती जळक्या रबराच्या वासाने. पॉटमधले पाणी पूर्ण आटले होते, मधले रबरी कडे धातूला चिकटले होते आणि दांडा मऊ पडून खाली वाकला होता. त्या दिवसापासून थकलेल्या वेळी गॅस पेटवायचा नाही, असे मी ठरवले आणि कॉफीचे सगळे काम, घरात दुसरे कोणीतरी मोठे माणूस असते अशा संध्याकाळच्या वेळेत आणले.

यासाठी सर्वांत उपयोगी पडते ती कोल्ड ब्रू, म्हणजे पूड गार पाण्यात बराच वेळ भिजवून काढलेला कॉफीचा अर्क. १०० ग्रॅम जाडसर दळलेली पूड (रव्याएवढी जाड असली की पुरे) स्वच्छ बरणीत घालून तीवर ८०० मिलिलिटर पिण्याचे गार पाणी ओतावे, एकदा हलवावे आणि बरणी फ्रिजमध्ये १२ ते १६ तास विसरून जावी. चार तास उशीर झाला तरी काही बिघडत नाही, आणि बाळंतिणीसाठी या कृतीचा हाच मोठा गुण आहे. नंतर आधी चहाच्या गाळण्यातून आणि मग धुतलेल्या मलमलीतून गाळावे. मलमल पिळू नये, कारण पिळल्याने गाळ उतरतो आणि चव तुरट होते. बाटलीवर तारीख लिहून ठेवावी आणि पाच-सहा दिवसांत ती संपवावी. पूड आणताना पाकीट मात्र नीट वाचा. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत बहुधा चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड) मिसळलेली असते आणि चिकोरीमुळे गार अर्क जड, काहीसा गुळचट लागतो. चिकमगळूर किंवा कोडगूकडची, चिकोरी नसलेली अरेबिका जातीची कॉफी मिळाली तर तीच घ्या आणि दुकानदाराला ‘फ्रेंच प्रेससाठी दळून द्या’ असे सांगा, म्हणजे पूड जाडसर मिळेल.

मग पहाटे चार वाजता उरते ते एवढेच: ग्लासात ६० मिलिलिटर अर्क, त्यावर गार दूध आणि एक चमचा पाक. एका हातावर बाळ असतानाही हे जमते. बर्फाने कॉफी पाणचट होते, म्हणून मी थोडा अर्क दुधात मिसळून बर्फाच्या ट्रेमध्येच गोठवत असे. दूध फुल क्रीम घेतले तर कोथरूडच्या ‘दुर्गा’तल्या कोल्ड कॉफीची आठवण व्हावी इतकी दाट चव येते, अर्थात तेवढ्यासाठी ती मिक्सरमधून एकदा फिरवावी लागते आणि त्या वेळी मिक्सर लावणे कोणालाच परवडत नाही.

बाळंतिणीने गार पिऊ नये, असे घरातली मोठी माणसे म्हणत असतील तर त्यावरून वाद घालण्याची गरज नाही. हाच अर्क गरम दुधात घातला की लाटे तयार होते. फेसासाठी मला सर्वांत चांगली वाटली ती ताकाची लहान रवी. टोन्ड दूध हाताला चटका बसेल इतपतच तापवावे, उकळू देऊ नये, साय बाजूला काढावी आणि उंच भांड्यात रवी पृष्ठभागाच्या जरा खाली धरून अर्धा मिनिट घुसळावे. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होत जातात आणि दुधावर गुळगुळीत थर चढतो. फेस मुख्यतः दुधातल्या प्रथिनांमुळे टिकतो, त्यामुळे कमी स्निग्धांशाचे दूध येथे अधिक साथ देते.

पाकासाठी एक वाटी साखर, एक वाटी पाणी आणि चिमूटभर किसलेले जायफळ एवढेच पुरते. कॅफेतल्या हेझलनटपेक्षा आपली जायफळ घातलेली कॉफी मला मनापासून आवडते. गुळाचा पाक मात्र गरम दुधात घालू नका, दूध नासते.

आता प्रमाणाविषयी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन बाळाच्या दृष्टीने सुरक्षित मानले आहे. अरेबिकात सुमारे १.२ टक्के कॅफीन असते. तेव्हा वरच्या मापाने केलेल्या ६० मिलिलिटर अर्कात ते जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅमच्या आसपास येते, पण रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात वापरल्यास जवळपास दुप्पट होऊ शकते. चहाही याच हिशेबात धरावा लागतो, म्हणून मी दिवसाला एक ग्लास कॉफी आणि दोन कप चहा यावर थांबत असे. नवजात बाळाच्या शरीरातून कॅफीन बाहेर पडायला काही दिवस लागतात आणि सहा महिन्यांच्या सुमारास ते मोठ्यांइतक्या वेगाने बाहेर पडू लागते. तुमचे बाळ या दोन टोकांच्या मध्ये आहे, तेव्हा ते नेहमीपेक्षा चिडचिडे झाले किंवा कमी झोपू लागले तर प्रमाण निम्मे करून पाहा आणि डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि कॉफी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण कॉफीमुळे लोह कमी शोषले जाते. मी गोळी दुपारच्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेत असे आणि कॉफी पहाटेच उरकत असे.

आणि लाटे गरम प्यायची असेल तर बाळाला आधी पाळण्यात ठेवा. केल्यानंतर पंधरा मिनिटांनीही गरम पेय तान्ह्या बाळाची त्वचा भाजू शकते, आणि तीन महिन्यांचे बाळ हातपाय कधी झटकेल ते सांगता येत नाही. मांडीवर बाळ असताना मी फक्त गार कॉफी, तीही झाकणाच्या ग्लासातून पीत असे.