मुंजा, मडकं आणि चतुःसीमा

चि. गेमवालीस, अनेक आशीर्वाद.

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी पाहिला. ‘काका, मडकं काढून टाकू का?’ एवढंच. म्हणजे निन्टेन्डोच्या खटल्याची बातमी तुझ्यापर्यंत पोचली. मडकं फेकून मुंजा पकडायचा, पुढे तेच मडकं फेकून त्याला वेताळावर सोडायचं, या तुझ्या गेमवर दोन वर्षं घातलीस. एका बातमीपायी ते मोडू नकोस. पण भीती अगदीच खुळी आहे, असंही म्हणणार नाही.

आधी घडलं काय ते बघ. पॉकेटपेअर या जपानी कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ हा गेम जानेवारी 2024मध्ये आला. बंदुका घेतलेले पोकेमॉन, असं लोक म्हणाले. प्राण्यांच्या चित्रांवरून कॉपीराइटचं भांडण होणार असंच बहुतेकांना वाटत होतं. सप्टेंबरमध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनी टोकियोच्या न्यायालयात गेल्या, त्या मात्र तीन पेटंटं घेऊन. दोन साधारणपणे वस्तू फेकून पकडण्या-सोडण्याभोवतीची, तिसरं प्राण्यावर स्वार होण्याचं. आणि गंमत म्हणजे (आमच्या पेटंटवाल्यांच्या धंद्यात हिला गंमतच म्हणतात) या तिन्ही पेटंटांचे अर्ज ‘पालवर्ल्ड’ बाजारात आल्यानंतर दाखल झालेले. यात बेकायदा काही नाही. मूळ अर्ज डिसेंबर 2021चा. त्यातून विभागणी अर्ज काढले की तारीख जुनी मिळते आणि दावे मात्र नव्याने बेतता येतात. गिऱ्हाइकाला समोर उभं करून शिंप्याने माप घ्यावं, तसं.

मागितलेली भरपाई दोघांची मिळून 1 कोटी येन, वर उशिराचं व्याज. या कंपन्यांसाठी ही चिल्लर. खरी मागणी मनाई हुकुमाची. तो मिळायची वाट न बघता पॉकेटपेअरने नोव्हेंबर 2024मध्ये गोळा फेकून प्राणी बाहेर काढणं बंद केलं. मे 2025मध्ये प्राण्याला धरून तरंगणंही बदललं आणि हे खटल्यापायी करावं लागतंय, असं उघड सांगितलं. निकालाआधीच गेम बदलला, बघ. आणि एरवी तडजोडही स्वस्त नसते: कोलोप्ल या जपानी गेम कंपनीवर निन्टेन्डोने असाच पेटंटांचा दावा लावला होता, तो 2021मध्ये 330 कोटी येनवर मिटला.

आता तुझं मडकं. पेटंटाचं शीर्षक वाचून घाबरू नकोस, सारांश वाचूनही नको. शेवटी क्रमांक घालून दावे लिहिलेले असतात, ते वाच. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असते ना, पूर्वेस अमक्याची विहीर, पश्चिमेस ओढा? दावे म्हणजे तेच. दाव्यात पाच पायऱ्या असतील आणि तुझ्या गेममध्ये चारच, तर साधारणपणे तू कुंपणाबाहेर. ‘फेकून पकडणे’ ही कल्पना कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. ‘बटण दाबताच नेम धरण्याची खूण दिसते, सोडताच वस्तू सुटते, पकडलं जाण्याची शक्यता रंगाने कळते’, अशी साखळी मात्र असू शकते. एक सावधगिरी: अमेरिकेत जाणूनबुजून उल्लंघन केल्याचं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून तिकडचे वकील इंजिनिअरांना पेटंटं वाचूच नका म्हणतात. तेव्हा एकटीने गूगलवर चाळत बसू नकोस, माझ्यासमोर बसून वाच.

लोक खटल्याला भितात, मला न झालेल्या खटल्यांचं जास्त वाटतं. गेम लोड होताना छोटा गेम खेळायला द्यायचा, याचं अमेरिकन पेटंट नामको या जपानी गेम कंपनीकडे होतं. 1998मध्ये मिळालं, 2015मध्ये संपलं. तोवर बहुतेकांनी त्या कल्पनेकडे पाठच फिरवली. खरं तर कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकावर कॅसेट लोड होत असताना असले छोटे गेम 1980च्या दशकातच चालत होते. पण पेटंट उलथवायला वकिलाची फी कोण भरणार?

आपल्याकडचं ऐक. 1970च्या पेटंट कायद्यात कलम 3(m) म्हणतं, खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच नव्हे. 3(k)मध्ये नुसता संगणक प्रोग्रामही बाद. आमच्या चाळीत ‘वन टप आऊट’चा नियम कोणी काढला, त्याला अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात, म्हणजे पेटंट कार्यालयात, दारातूनच परत पाठवतील, आणि बरोबरच आहे. त्यामुळे तुला कुणीतरी ‘मडक्याचं पेटंट काढ’ म्हणालंय ना, ते पैसे वाचव. त्याऐवजी गेमच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज टाक. वैयक्तिक ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे 4,500 रुपये, तुझा वर्ग नववा, सॉफ्टवेअरचा. पण या कायद्यांचं कवच भारतापुरतंच. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरून गेम जपानमध्ये विकलास की तिथे जपानचा कायदा लागतो, तुझी खोली गोरेगावात असली तरी.

आजपासून एक काम कर. गेमच्या प्रत्येक बिल्डचा (चालत्या आवृत्तीचा) व्हिडिओ तारखेसकट जपून ठेव, कोड टाकलेल्या नोंदीही. पहिल्या आराखड्याची ती वहीसुद्धा, चहाचा डाग आहे तीच. त्या नोंदींनी कुणाच्या जुन्या तारखेला उत्तर मिळत नाही. पण नंतर कुणी नवा अर्ज केला, तर तुझं काम त्याआधी लोकांपुढे आलेलं होतं हे दाखवता येतं. नुसतं हार्ड डिस्कवर पडलेलं त्यात फारसं कामाचं नाही. म्हणून डेमो लवकर उघडा कर.

रविवारी अकराला ये, कुठल्या बटणाने मडकं सुटतं ते पायरी-पायरीने एका कागदावर लिहून आण. दुसऱ्या बाजूला मी त्यांचे दावे मराठीत उतरवून ठेवतो. आणि तो वेताळ जरा हळू पळव, माझ्या बोटांना झेपत नाही.

तुझा,
अँटॉप हिलचा काका