उष्ट्यानं होतं का, मॅडम?

तोंडात चामखीळ आली, ती आली कुठून? लातूरला समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांकडून हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. विचारणारा शरीराबद्दल विचारत असतो, मी मात्र तो नात्याबद्दलचा म्हणूनच ऐकते.

औसा तालुक्यातलं एक जोडपं. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. नवरा चाकणला कंपनीत, बायको गावी सासूजवळ. तिच्या खालच्या ओठाच्या आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखा पांढुरका मस आला. दाताच्या डॉक्टरांनी तो काढून तपासायला पाठवला. 'एचपीव्ही या चामखीळ आणणाऱ्या विषाणूचा आहे, साधा आहे,' असं सांगितलं. नवऱ्यानं मोबाईलवर शोधलं, तर पहिलंच दिसलं 'लैंगिक आजार'. इकडे सासूबाईंनी सुनेच्या ग्लासाच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला.

"एवढंच सांगा मॅडम, उष्ट्यानं होतं का हे?"

"त्याची शक्यता फारच कमी."

मला वाटलं, आता नवरा मोकळा होईल. पण त्याचा चेहरा उतरला.

तिथं आणखी माहिती रेटणं सोपं होतं. मी ती आवरली, आणि आजही वाटतं की केस तिथंच फिरली. उष्ट्यानं होत असतं तर लग्नातल्या एखाद्या पंगतीवर सगळं ढकलता आलं असतं. ती वाट माझ्या उत्तरानं बंद झाली. पुढच्या भेटींत मी विषाणूचं नाव काढलं नाही. शेवटी तीच बोलली.

"सरळ इचारा की. चाकणला तुमी कुणासंगं ऱ्हाता, हे म्या कधी इचारलं का?"

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. "तू इचारशील म्हणूनच तर मी आधी..."

पुढं बोलला नाही. दोघांनाही एकच भीती होती आणि दोघांनी ती डॉक्टरी प्रश्नात गुंडाळून आणली होती.

मग माहिती कामाला आली. हा विषाणू त्वचेच्या जवळच्या संपर्कातून जातो. मुखमैथुनातून जातो, बोटावरची चामखीळ चावण्या-कुरतडण्यातूनही तोंडात येतो. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. त्यामुळे कुणाकडून, केव्हा आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही. या जोडप्यालाही ते कळलं नाही, कळणारही नाही.

शंभरावर प्रकार आहेत त्याचे. तोंडातल्या साध्या मसांमागे बहुधा ६ आणि ११ क्रमांकाचे असतात. घशाच्या कर्करोगाशी जोडला जातो तो १६ वेगळा. मस घरी दोऱ्यानं, घोड्याच्या केसानं बांधू नका, चुना लावू नका. दाताच्या डॉक्टरांकडून काढून तपासून घ्या, तोवर तोंडाचा जवळचा संबंध टाळा. आणि गुटखा खाणाऱ्यानं मसापेक्षा दोन आठवडे न भरणाऱ्या जखमेची धास्ती घ्यावी.

शेवटच्या भेटीला सासूबाईही आल्या. ग्लासाचा विषय त्यांनी काढू दिला नाही. अकरा वर्षांच्या नातीला या विषाणूची लस द्यावी का, एवढंच विचारलं. द्यावी, म्हणाले. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते, त्यात ६, ११, १६, १८ हे चार प्रकार येतात आणि या वयात दोन डोस पुरतात. आलेला मस मात्र तिनं जात नाही.

"सुनंला नाही चालत का मग?" त्यांनी विचारलं. ते डॉक्टरांना विचारा म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली.