गिनीपिगला सिरिंजने भरवताना

गिनीपिगने खाणं सोडलं तर आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पोट फुगून टणक लागत असेल तर ते तपासेपर्यंत काही भरवू नका. एरवी उपाशी ठेवू नका. अन्न थांबलं की याची आतडीही थांबतात.

पेलेट, म्हणजे त्याच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून पेजेसारखं पातळ करा. टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर बसतं धरा, उताणं कधीच नाही. १ मिलीची सिरिंज पुढच्या दातांमागे, गालाच्या बाजूने सरकवा. थोडंसंच सोडा आणि थांबा. जबडा हलतो, मिशा थरथरतात, गिळलं की पुढचं. माझी एका सिरिंजला दहा मिनिटं घ्यायची, घेऊ दे! घाईत ढकललं तर घास फुप्फुसात जातो. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, लेंड्याही मोजा.