लोधी कॉलनीची भित्तिचित्रं: आई-वडिलांसोबत अर्ध्या दिवसात कशी बघावीत

सकाळी दिल्लीत उतरताय, अर्धा दिवस हातात आहे, आई-वडील सोबत आहेत आणि लोधी कॉलनीतल्या भिंतींवरची चित्रं बघायला गाइड घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. गाइडची गरज नाही. तिकीटही नाही, कारण ही राहती वस्ती आहे. मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर जोर बागला उतरा आणि खन्ना मार्केटच्या बाजूने आत शिरा. रिक्षाने चक्कर मारून मात्र ही जागा बघू नका, ती चालतच बघायची.

ही सरकारी कर्मचाऱ्यांची घरं १९४०च्या दशकातली, इंग्रजांच्या काळातली. रुंद रस्ते, मोठी झाडं, दोन मजली इमारती आणि मधे उंच कमानी. सार्वजनिक जागी चित्रं काढणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने २०१५च्या सुमारास इथे काम सुरू केलं आणि आता पन्नासच्या वर भिंती रंगलेल्या आहेत. वांद्र्याच्या चॅपल रोडवर चित्र अगदी नाकासमोर येतं, मागे सरकायला जागा नसते. इथे रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभं राहिलं की सबंध भिंत एका नजरेत मावते. मग जवळ जाऊन बघा, की खिडकी, कमान, पाण्याचा पाइप या सगळ्यांना चित्रकाराने कसं सांभाळून घेतलंय. मला स्वतःला सर्वांत जास्त आनंद यातच मिळतो.

वेळेचं म्हणाल तर डाकू या कलाकाराच्या कामासाठी ऊन हवंच. त्याने भिंतीतून बाहेर येणारी इंग्रजी अक्षरं बसवली आणि शब्द वाचायचे ते त्यांच्या सावलीत. सूर्य वर चढेल तशा सावल्या सरकतात, ढग आले की मजकूरच नाहीसा. म्हणून साडेदहा-अकराला पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, तेव्हा थोडं उशिराच गेलेलं बरं. चित्रकार अनपू वर्कीचं झाडाचं चित्र आणि पारलिंगी कलाकारांसोबत काम करणाऱ्या अरावनी आर्ट प्रोजेक्टची भिंत, ही दोन्ही शोधा. हनीफ कुरेशी हे स्टार्टच्या संस्थापकांपैकी एक. हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जपण्यासाठी त्यांनी खूप केलं. २०२४ साली ते गेले. अक्षरांवरची चित्रं बघताना त्यांची आठवण ठेवा.

चित्रं उन्हापावसात उडतात, काही भिंती नव्याने रंगवल्या जातात. त्यामुळे जुन्या फोटोंची यादी घेऊन एकेक टिक करत फिरू नका, गल्ली नेईल तसं जा.

एक कळकळीची विनंती. खिडकीमागे कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं, दोरीवर कुणाचे तरी कपडे. घरातली माणसं फ्रेममध्ये येत असतील तर विचारून फोटो काढा. जिन्यात, अंगणात शिरू नका. हल्ली फोटोशूटवाल्यांची गर्दी असते, त्यात आपली भर नको.

आई-वडिलांसाठी दीड-दोन तास पुरे. खन्ना मार्केटला चहा घ्या, मग मेहरचंद मार्केटकडे सरका. तिथली दुकानं महाग आहेत, पण कॅफेत बसलात की स्वच्छतागृहाचा प्रश्नही सुटतो. त्यानंतरही पाय साथ देत असतील तर लोधी गार्डनला रिक्षाने जा. तिथे बाकं आहेत, सावली आहे, तिकीट नाही.